वज्री, कोकमतेल आणि आईच्या टाचा

तर मंडळी, या शनिवारचा विषय ऐकून तुम्ही हसणार, तेव्हा आधीच हसून घ्या. विषय आहे टाचांना पडणाऱ्या भेगा. हो, त्याच. लहानपणी टीव्हीवर ज्यांच्या क्रीमच्या जाहिराती लागायच्या आणि त्या लागल्या की घरातल्या बायका नकळत पाय साडीखाली ओढून घ्यायच्या, त्याच भेगा. किल्ले, लढाया, तहनामे यांच्यावर खरडणारा माणूस एकदम ब्युटी पार्लरमध्ये कसा घुसला असं वाटेल. पण कारण घडलंय, आणि त्यात माझाच गाढवपणा आहे.

झालं असं, की गेल्या दिवाळीला आईला काय द्यावं हे सुचेना. साडी घेतली की "कशाला रे, कपाटात जागा नाही" आणि मोबाइल घेतला की "जुना चालतोय ना". मग एका रात्री ऑफिसचा कॉल चालू असताना (कॅमेरा बंद होता, घाबरू नका) ऑनलाइन एक पेडिक्युअर किट दिसलं. अठरा वस्तू, झिपवाली पेटी, चार पूर्णांक तीन स्टार. आईच्या टाचांना वर्षानुवर्षं भेगा. तीस वर्षं शाळेत उभं राहून शिकवलं, त्यात नाशिकची थंडी. मी खूश होऊन बटण दाबलं. त्या पेटीत कानशी होत्या, ब्रश होता, खरखरीत दगड होता आणि एक छोटं रंधा मारायचं यंत्रही होतं. म्हणजे सुतार लाकडावर मारतो तसा रंधा, फक्त टाचेसाठी. आत खरंखुरं ब्लेड.

आईला अकरा वर्षांपासून डायबेटिस आहे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण 'डायबेटिस' आणि 'टाचा' हे दोन शब्द माझ्या डोक्यात वेगवेगळ्या फोल्डरमध्ये होते.

जानेवारीतल्या एका रविवारी तिने न्हाणीघरात बसून तो रंधा चालवला. दुखलं काहीच नाही. बाहेर आली, देवापुढे दिवा लावला आणि मग पांढऱ्या फरशीवर तिला लाल ठसे दिसले. कोणाचं रक्त म्हणून शोधत ती सगळ्या घरात फिरली. स्वतःचं निघालं. पुढे जखम चिघळली आणि तीन आठवडे ड्रेसिंग झालं. मी पुण्याहून धावत आलो तेव्हा डॉक्टर तिच्या तळव्याला नायलॉनच्या एका बारीक दोऱ्याने ठिकठिकाणी टोचत होते. "काकू, डोळे मिटा. लागलं की सांगा." आई डोळे मिटून बसली होती. दोरा टाचेला लागला, अंगठ्याला लागला. आई गप्प. मी समोर उभा राहून ते बघत होतो, आणि माझ्या घशात काहीतरी अडकलं.

डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं ते तुम्हीही ऐकून ठेवा. तळपायाच्या कातडीत तेलाच्या ग्रंथी मुळात नसतातच. तिथे जो काही ओलावा असतो तो घामाचा. डायबेटिसने नसा खराब झाल्या की घाम आणणाऱ्या नसाही मंदावतात, पाय कोरडे पडतात, जाड झालेली कातडी ताणली जात नाही आणि टाचेच्या कडेला उलते. त्याच वेळी वेदना सांगणाऱ्या नसाही झोपलेल्या असतात. म्हणजे आईच्या भेगा वाढत होत्या त्यात थंडीचा आणि वयाचा वाटा असेल, पण ती एक सूचनाही होती. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम कधीपासून वॉर्निंग देत होती आणि मी ती वॉर्निंग घासून गुळगुळीत करायचं यंत्र भेट दिलं होतं!

मग सवयीप्रमाणे रूट कॉज अॅनालिसिस सुरू झालं. आईच्या पायापाशी बसून मी वाचत सुटलो. भेगा कधीपासून पडतात हा प्रश्न मूर्खपणाचा आहे, माणूस चालायला लागला तेव्हापासून. पण त्यांची काळजी घ्यायची साधनं कधीपासूनची? आणि ही गोष्ट 'सौंदर्य' या कप्प्यात कधी गेली?

आधी शब्द बघू. 'पेडिक्युअर' हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला शब्द. त्यातला 'पेड' म्हणजे पाय आणि 'क्युरा' म्हणजे काळजी. हा 'पेड' आणि आपला 'पाद' चुलतभाऊ आहेत, एकाच मूळ भाषेतून निघालेले. तेव्हा पेडिक्युअर म्हणजे पादसेवाच की! आणि आपल्या मराठीत तर या दुखण्यांचा केवढा शब्दसंग्रह आहे बघा. टाचेला पडते ती भेग. तळवा उलतो तो जळवात. भाताच्या चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यात होतात त्या चिखल्या. टणक होऊन रुततं ते कुरूप. नुसती कातडी जाड झाली तर घट्टा. इतके शब्द पार्लरमध्ये बसून तयार होत नाहीत. हे सगळे चालणाऱ्यांचे आणि राबणाऱ्यांचे शब्द आहेत.

आता इतिहास. पाय घासायच्या साधनांचा आपल्याकडचा एक फार जुना आणि तपशीलवार उल्लेख मला कुठे सापडला असेल? कामशास्त्रात नाही, राजेरजवाड्यांच्या वर्णनात नाही. तो सापडला बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, पाली विनयपिटकात. दोन हजार वर्षांहून जुनी ही परंपरा, आणि वाचताना मला सारखं आमचं बग ट्रॅकर आठवत होतं. आधी एक घटना घडते. कोणीतरी येऊन तक्रार करतं. बुद्ध नियम करतात. मग त्या नियमाने दुसऱ्या कोणाची तरी अडचण होते, की लगेच सुधारणा. नियमाला अपवाद, अपवादाला पोटअपवाद. आणि त्यात पायांवरच्या तक्रारी भरपूर! साहजिक आहे. सगळा संघच पायी फिरणारा.

पहिली तक्रार सोण कोळिविस नावाच्या भिक्षूची. चंपा नगरीतल्या श्रीमंत घरातला मुलगा, पाय इतके नाजूक की तळव्यांवर लव होती म्हणे. भिक्षू झाल्यावर येरझाऱ्या घालत ध्यान करायला लागला तर पाय फुटले आणि चालायची वाट रक्ताने माखली. बुद्ध म्हणाले, तू सुखात वाढलेला आहेस, एका तळाची चप्पल घाल. यावर सोण काय म्हणाला? मी एवढी संपत्ती सोडून आलो आणि आता चपलेसाठी लोकांनी मला नावं ठेवावीत? सगळ्यांना परवानगी असेल तर मी घालीन. आणि सगळ्यांना परवानगी मिळाली.

दुसरी तक्रार तर आपल्या भागातली. महाकात्यायनांचा शिष्य सोण कुटिकण्ण हा अवंतीहून बुद्धांना भेटायला निघाला, तेव्हा गुरूंनी त्याच्याबरोबर काही विनंत्या पाठवल्या. त्यातली एक अशी, की अवंती आणि दक्षिणापथात जमीन वरून काळी आहे, खरखरीत आहे आणि गुरांच्या खुरांनी तुडवून ओबडधोबड झालेली आहे. तिथे एका तळाची चप्पल टिकत नाही, तेव्हा जाड, अनेक पदरी चप्पल चालू द्या. अहो, काळी जमीन, उन्हाने कडक झालेली आणि त्यात खुरांचे खड्डे! नाशिक जिल्ह्यात निफाडच्या किंवा सिन्नरच्या शिवारात मार्च महिन्यात कधी अनवाणी उतरला असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्या बेसॉल्ट दगडाची झीज होऊन झालेली ही काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगड होते. विनंती मान्य झाली, आणि नुसती अवंतीपुरती नाही तर सगळ्याच सीमेवरच्या मुलखांसाठी.

पिलिंदवच्छ नावाच्या भिक्षूचे पाय उलले, तर पायांना लावायच्या तेलाची परवानगी मिळाली. तेलाने भागलं नाही, तर त्याहून जालीम औषधी लेप तयार करायची. आणि मग येते साधनांची गोष्ट. विशाखा ही संघाची मोठी दाती. ती एकदा तीन वस्तू घेऊन आली: एक घडा, एक केरसुणी आणि एक 'कतक'. कतक म्हणजे पाय घासायचं साधन. पाचव्या शतकातले टीकाकार बुद्धघोष सांगतात, कमळाच्या गाभ्यासारखा आकार आणि वर मुद्दाम उठवलेले काटे. बुद्धांनी घडा घेतला, केरसुणी घेतली आणि कतक परत केलं. ते चैनीकडे नेणारं म्हणून नको, असं बुद्धघोषांचं स्पष्टीकरण. पण पाय घासणंच बंद, असं मात्र केलं नाही. तीन साधनांना परवानगी दिली. खडा, खापर आणि समुद्रफेस. समुद्रफेसाला भाषांतरकार प्यूमिस म्हणतात. आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात मात्र समुद्रफेस मागितला तर कटलफिशचं पांढरं हाड मिळतं. दोन्ही खरखरीत, त्यामुळे भांडायचं कारण नाही :)

हे वाचून मी आईच्या किटची पेटी उघडली. खरखरीत दगड, म्हणजे समुद्रफेस. कानस, म्हणजे खापराची सुधारून वाढवलेली आवृत्ती. आजी दिंडोरीजवळच्या आमच्या गावी मोरीत पाय घासायला फुटक्या मडक्याचं खापर ठेवायची, ते मी डोळ्याने पाहिलंय. म्हणजे या अठरापैकी निम्म्या वस्तू तेव्हाच्या यादीतल्याच. त्या यादीत नव्हतं ते फक्त ब्लेड.

आमचं घर नाशिकला सिडकोत आहे. गच्चीवर गेलं की पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. लहानपणी तो फक्त सहलीचा डोंगर होता. आता कळलं की तिथल्या शिलालेखांत त्याचं नाव त्रिरश्मी आहे, एकूण चोवीस लेणी आहेत आणि क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे लेणं खोदवलं तेव्हा पाण्याच्या पोढीही खोदवल्या, असं दहाव्या लेण्यात कोरून ठेवलंय. शिवाय त्याने विणकरांच्या श्रेणींकडे पैसे ठेव म्हणून ठेवले, त्याच्या व्याजातून पावसाळ्यात राहणाऱ्या भिक्षूंना चीवरासाठी पैसे मिळावेत म्हणून. एकोणीसशे वर्षांपूर्वीची फिक्स्ड डिपॉझिट! तिथले भिक्षू भद्रायणीय पंथाचे आणि वर सांगितलेला पाली विनय थेरवाद्यांचा, पण काळ्या दगडाच्या पायऱ्या सगळ्यांच्याच पायांना सारख्या लागतात. बाहेरून आलेल्या भिक्षूसमोर पाय धुवायला पाणी आणि पाय ठेवायला पाट ठेवायचा, हा विनयातला शिष्टाचार. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला "आधी पायावर पाणी घ्या" म्हणतात, ते याच जातीचं.

आयुर्वेदाने तर भेगांना रीतसर रोगांच्या यादीत बसवलं. सुश्रुताने क्षुद्ररोगांमध्ये 'पाददारी' सांगितली आहे. क्षुद्र म्हणजे क्षुल्लक नव्हे, छोटे रोग. कोणाला होते? जो फार चालतो त्याला. त्याच्या कोरड्या पडलेल्या पायांत वात शिरतो आणि तळवे दुखरे होऊन फाटतात. उपाय म्हणजे तेलतूप चोळणं, शेक, शिरेतून रक्त काढणं (हे घरी करू नका, प्लीज) आणि लेप. लेपात मेण, चरबी, तूप, राळेची पूड, जवखार आणि गेरू. आता गंमत बघा, आजी भेगांत भरायला जे मलम करायची त्यात राळ होती, मेण होतं आणि तेल होतं. तिने सुश्रुत वाचला नव्हता. तिला सहीपुरतंच लिहिता यायचं. कोकणातल्या घरांत हेच काम कोकमतेल करतं. रातांब्याच्या बियांतून काढलेला तो पांढुरका गोळा चाळीस अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून थोडा गरम करून भेगेत भरला की गार होऊन आत घट्ट बसतो. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या अमेरिकन माणसाने १८७२ साली व्हॅसलिनचं पेटंट घेतलं, त्याचंही काम तेच. आतला ओलावा बाहेर जाऊ द्यायचा नाही. आजच्या क्रीममध्ये युरिया असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि जाड कातडी मऊ करतो. हो, शेतात टाकतात तोच पदार्थ, फक्त शुद्ध करून.

साधनांच्या बाजूला मात्र आपण चैन सोडली नाही. कतक नाकारलं गेलं, पण त्याची वंशावळ चालू राहिली, आणि तिचं मराठी नाव वज्री. जुन्या घरांत अजून असेल बघा. पितळेची किंवा तांब्याची, मुठीत मावेल एवढी, खाली कानशीसारखे खाचे आणि वर धरायला मूठ. काही कारागिरांनी त्या मुठीचा मोर केला, कुणी घुंगरू लावले, म्हणजे पाय घासताना आवाज यावा! पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे आणि अडकित्ते बघायला सगळे जातात, तिथे वज्रीही आहेत. दिनकर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' नावाने कविता करणारे गृहस्थ, गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला. घरातल्या बायकांच्या हातातल्या रोजच्या वस्तू कुणी जपण्याजोग्या मानत नव्हतं, तेव्हा त्यांनी त्या दारोदार फिरून गोळा केल्या. मी इतकी वर्षं पुण्यात आहे, पण वज्रीसमोर थांबलो ते पहिल्यांदा यंदाच्या फेब्रुवारीत.

नाशिकची तांबट आळी आणि भांडी बाजार तांब्यापितळेसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध. गोदावरीला पूर आला की पाणी शिरतं तोच तो भांडी बाजार. एका शनिवारी तिथे जाऊन वज्री मागितली. दुकानातल्या काकांनी आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "भाऊ, कोणासाठी?" म्हटलं आईसाठी. "साखर आहे का त्यांना?" म्हटलं आहे. काका म्हणाले, "मग वज्री नका नेऊ. काशाची वाटी न्या, नुसतं तूप लावून हलक्या हाताने फिरवा." बोला! जो प्रश्न चार पूर्णांक तीन स्टारवाल्या साइटने मला विचारला नाही, तो पितळेच्या ढिगाऱ्यात बसलेल्या माणसाने दुसऱ्या वाक्यात विचारला.

(काशाच्या वाटीबद्दल एक तळटीप. कासं म्हणजे तांबं अधिक कथील. वाटी घासल्यावर तळवा काळा होतो आणि घरातली मंडळी सांगतात की अंगातली उष्णता बाहेर आली. ती उष्णता नव्हे, तूप आणि घामातल्या आम्लांशी धातूचा संयोग होऊन तो काळपटपणा येतो. पण पाय चोळून मिळालं की झोप छान लागते हे मात्र खरं. चरकानेही पायाला तेल चोळण्याच्या फायद्यांत खरखरीतपणा, ताठरपणा आणि थकवा जाणं हे सांगितलंय. त्या यादीत बधिरपणाही आहे, पण डायबेटिसचा बधिरपणा वाटीने जात नाही. त्याला डॉक्टरच.)

इथवर वाचून मला वाटायला लागलं, की पूर्वीच्या लोकांनी भेगांकडे कायम चालणाऱ्या माणसाचं दुखणं म्हणूनच पाहिलं. विनयात ती औषधाची बाब, सुश्रुतात रोगाची, आजीच्या मोरीत कामाची. आपण ती उचलून सौंदर्याच्या कप्प्यात ठेवली आणि दोन गोष्टी हरवून बसलो. औषध म्हटलं की जी सावधगिरी येते ती गेली. आणि चालणाऱ्याबद्दलचा आदरही गेला. भेगा म्हणजे अस्वच्छता, गावंढळपणा, झाकायची गोष्ट.

दुसरी गोष्ट किती गेली होती हे मी स्वतः अनुभवलंय. ६ मार्च २०१८. मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. सीबीएसला लाल टोप्यांची गर्दी, रस्ते अडलेले आणि मी प्रोजेक्ट रिव्ह्यूला उशीर होतोय म्हणून मनातल्या मनात शिव्या घालत होतो. किसान सभेचा लाँग मार्च मुंबईला निघाला होता. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीकडची आदिवासी शेतकरी मंडळी, वनहक्काच्या जमिनी नावावर व्हाव्यात म्हणून. मुंबई-आग्रा रस्त्याने, म्हणजे आमच्या पांडवलेण्यांच्या पायथ्यावरूनच ते गेले. सुमारे १८० किलोमीटर, कसारा घाट उतरून, मार्चच्या डांबरावरून. ११ तारखेला ते मुंबईत पोचले. दहावीच्या परीक्षा चालू होत्या, सकाळी रस्ते अडले तर मुलांचे हाल होतील, म्हणून रात्रीतूनच आणखी चालून १२ तारखेला पहाटे आझाद मैदान गाठलं. आणि त्या दिवशी सगळ्या देशाने एक फोटो पाहिला. चेहऱ्याचा नाही, पायाचा. सोललेला, फुटलेला तळवा. मग मुंबईकरांनी पाणी, खाऊ आणि चपला आणून दिल्या. सरकारने बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या.

तो फोटो मी मोबाइलवर पाहिला तेव्हा पहिल्यांदा आजी आठवली. तिचे पाय अगदी तसेच होते. मी लहान असताना तिने पांघरूण घालताना टाच लागली की मी ओरडायचो, "आजी, टोचतंय!" ती हसून पाय बाजूला घ्यायची. हिंदीत एक म्हण आहे, ज्याच्या पायाला भेग पडली नाही त्याला दुसऱ्याची पीडा काय कळणार. आमच्या घरात भेगा दोन पिढ्या होत्या आणि तरी मला कळली नव्हती.

आता शेवटचा किस्सा, आणि याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं. ड्रेसिंग संपल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, काकू, यापुढे घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. मऊ चप्पल हवी. आईने तिथे मान डोलावली आणि घरी येऊन सपशेल नकार दिला. घरात चप्पल? स्वयंपाकघरात? आमचं देवघर स्वयंपाकघरातच आहे. मी समजावलं, बाबांनी समजावलं, मी चिडलो, ती रडली. आठवडाभर घरात तोच विषय. नवी चप्पल खोक्यात आणि आई फरशीवर.

मग मला विनयातली आणखी एक केस आठवली. बुद्धांनी आधी नियम केला होता की विहाराच्या आवारात कोणी चप्पल घालायची नाही. एकदा ते निवासस्थानांतून फिरत असताना त्यांना दिसलं की काही भिक्षू एका भिक्षूला उचलून शौचाला नेतायत. विचारलं, याला काय झालंय? म्हणाले, भंते, याला पायाचं कुरूप आहे, चालवत नाही. तेव्हा बुद्धांनी आपला नियम बदलला. ज्याचे पाय दुखतात, ज्याच्या पायांना भेगा आहेत किंवा ज्याला कुरूप आहे, त्याने आतही चप्पल घालावी. शब्दशः भेगांचा उल्लेख आहे त्यात.

आईला हे सांगितलं. ती जन्मभर इतिहास शिकवलेली बाई. आधी म्हणाली, "बनवतोयस मला." मग ग्रंथातली जागा दाखवली. चष्मा लावून दोनदा वाचलं तिने. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ज्याने नियम केला त्यानेच मोडला म्हणजे." मी म्हटलं, मोडला नाही, दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी फोन केला तर मागून चपलेचा फटक फटक आवाज येत होता. देवघरापुढचे चार पाट सोडून सगळीकडे घालते आता. त्या चार पाटांवर तिने जाड सतरंजी टाकलीय. आम्ही दोघांनीही हा तह मान्य केलाय.

तर आता आमच्याकडे काय चालतं ते सांगतो, उपयोगी पडेल. ज्यांना डायबेटिस नाही त्यांनी दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवावेत, ओल्या टाचेवर दगड किंवा वज्री हलक्या हाताने फिरवावी, पाय टिपून कोरडे करावेत आणि लगेच युरियाचं क्रीम, कोकमतेल किंवा साधं व्हॅसलिन लावून सुती मोजे घालावेत. रोज थोडं. एकाच दिवशी सगळं खरवडायला जाऊ नका, कातडी त्याचा वचपा काढते. ज्यांना डायबेटिस आहे त्यांनी मात्र पाय भिजवत ठेवायचे नाहीत, नुसते धुवायचे. पाण्याचा गरमपणा पायाने नाही, कोपराने बघायचा. बोटांच्या बेचक्यात क्रीम नाही, तिथे कोरडं ठेवायचं. चप्पल घालायच्या आधी आत हात फिरवून खडा नाही ना ते बघायचं. ब्लेड, रंधा, कुरूप काढायचे पट्टे हे काहीही नाही. आणि रोज रात्री तळवे बघायचे. स्वतःला वाकता येत नसेल तर दुसऱ्याने बघायचे.

आमच्या घरी रोज बाबा बघतात. दर शनिवारी नाशिकला आलो की तो दुसरा मी असतो. मोबाइलचा टॉर्च लावून आईच्या टाचा बघतो. पहिल्यांदा तिला फार लाज वाटली. "अरे, घाण असतात पाय, कशाला हात लावतोस?" म्हटलं, दिवाळीला पाया पडतो तेव्हा चालतं की! त्यावर ती म्हणाली, "तेव्हा तू बघत नाहीस रे, नुसता वाकतोस."

खरं आहे. आज तुम्ही घरी असाल तर आईवडिलांच्या टाचा बघा. लाजतील, पाय ओढून घेतील. तरी बघा.

असो. फार झालं. भेटू पुढच्या शनिवारी.